हाड उजवं की डावं?

"आमचा नातू ना, व्हिज्युअल आहे. त्याला वाचून काही लक्षात राहत नाही, बघूनच कळतं." परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आजोबांनी मला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. नातू सातवीत. शाळेत कसलीशी चाचणी झाली, तिचा निकाल घरी आला आणि त्या दिवसापासून नातवानं पुस्तक मिटलं ते मिटलंच. 'मी वाचणाऱ्यांतला नाही' असं तो आता पाहुण्यांनाही सांगतो. आजोबा बोलत होते आणि मी पानातल्या शेंगापोळीकडे बघत गप्प बसले होते. कारण असाच एक शिक्का काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका मुलाच्या कपाळावर मारला होता. श्रोतेहो, आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी शरीररचनाशास्त्र शिकवत असे. मेडिकलला गेलेल्या मुलांना पहिल्या वर्षी ज्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तो हा विषय. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं. त्या प्रत्येकाचे कोपरे, खळगे, उंचवटे. त्यांना चिकटणारे स्नायू, त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नर्व्ह. सगळ्यांची नावं लॅटिन वळणाची आणि शिकवणं इंग्रजीतून. बारावीपर्यंत वर्गात पहिला-दुसरा आलेला मुलगा इथं आला की पहिल्या दोन महिन्यांत त्याची झोप उडते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांचे हाल तर विचारू नका. 'मॅडम, मी वाचते हो, पण राहत नाही,' असं म्हणत डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मुली मी दर वर्षी पाहिल्या. अशा वेळी शिक्षक कोणतीही काडी आधार म्हणून धरतो. मीही धरली.

त्या काडीचं नाव व्हार्क. न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग नावाचे एक गृहस्थ होते. आधी शाळा तपासनीस, नंतर लिंकन विद्यापीठात. वर्गावर वर्ग तपासताना त्यांना प्रश्न पडला, की काही चांगल्या शिक्षकांचं शिकवणंही काही मुलांपर्यंत पोहोचत का नाही? त्यातून त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि १९९२ साली कॉलीन मिल्स यांच्याबरोबर त्यावर लेख लिहिला. आज तिच्यात १६ प्रश्न आहेत. प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातले. कुणाला रस्ता सांगायचा तर तुम्ही नकाशा काढाल, तोंडी सांगाल, लिहून द्याल, की सोबत चालत जाल? उत्तरांवरून माणसाची आवड चार गटांत मोडते. चित्रं, तक्ते, आकृत्या आवडणारे, ऐकायला-बोलायला आवडणारे, वाचायला-लिहायला आवडणारे, आणि हातानं करून बघणारे. इंग्रजीतल्या चार गटांची आद्याक्षरं जोडून 'व्हार्क' हे नाव झालं.

मेडिकलच्या मुलांवर ही प्रश्नावली जगभर वापरली गेली, आपल्याकडेही वापरली गेली. २००६ साली अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ६४ टक्के मुलांना एकापेक्षा जास्त पद्धती आवडत होत्या. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या कायसेरी या शहरातून आलेला आकडाही जवळजवळ तोच होता. म्हणजे बहुतेक मुलं मिसळीच्या प्लेटसारखी, थोडं हे आणि थोडं ते. कायसेरीच्या अभ्यासात आणखी एक ओळ होती. कुणाची आवड कोणती आणि कुणाला गुण किती, यांचा काही संबंध दिसला नाही. ही ओळ मी त्या वेळी वाचली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांकडून हा फॉर्म भरून घेतला. कॉलेज कोणतं आणि गाव कोणतं ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. एका शेतकरी घरातल्या मुलाचा निकाल आला 'ऐकणारा'. आधीच गांगरलेलं पोर. मी त्याला बोलावून सांगितलं, "अरे, तुझं कानानं शिकणं चांगलं आहे. त्याचा फायदा घे." केवढा उजळला त्याचा चेहरा! आपण मठ्ठ नाही, आपली पद्धत वेगळी आहे, असं कुणीतरी त्याला पहिल्यांदाच म्हणत होतं.

त्यानं माझा शब्द फारच मनावर घेतला. लेक्चर मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि रात्री कानात घालून पुन्हा पुन्हा ऐकायचं. आकृत्या काढणं त्यानं सोडलं. डिसेक्शन हॉलमध्ये तो मागच्या रांगेत उभा राहू लागला. हाडांचा संच खोलीवर न्यायला मिळायचा, तो त्यानं मित्राला देऊन टाकला. विचारलं तर म्हणायचा, "मॅडम, माझं ऐकून होतंय."

परीक्षेत व्हायव्हाला परीक्षकांनी त्याच्या हातात दंडाचं हाड दिलं. ह्यूमरस. खांद्यापासून कोपरापर्यंतचं. पोरानं डोळे अर्धवट मिटले आणि घडाघडा बोलायला लागला. कोणता स्नायू कुठं चिकटतो, मागच्या खोबणीतून कोणती नर्व्ह जाते, तिथं हाड मोडलं तर मनगट कसं लुळं पडतं, सगळं बरोबर. परीक्षक खूश झाले. मग त्यांनी सहज विचारलं, "हे हाड उजव्या हाताचं की डाव्या?"

मुलगा गप्प. त्यानं हाड फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं. "उजवं," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "डावं."

खरं तर ही अगदी सोपी गोष्ट आहे. गोल डोक्याचं टोक वर धरायचं, तो गोल भाग आपल्या अंगाच्या बाजूला आणायचा आणि खालच्या टोकाचा खोल खळगा मागं येतो का ते पाहायचं. ज्या दंडाला ते असं लावता येईल, त्या बाजूचं ते हाड. पाच मिनिटं स्वतःच्या दंडाशी धरून पाहिलं की जन्मात विसरत नाही. पण ते हातात धरावं लागतं. दहा वेळा ऐकून ते कळत नाही. आणि हा प्रश्न परीक्षेपुरता नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी दिली, तिच्यात चिरा देण्याआधी बाजू आणि जागा पक्की करायला सांगितलं आहे. डॉक्टरच्या हातून उजवं-डावं चुकलं तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

तो मुलगा त्या विषयात नापास झाला. निकालानंतर भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी ऑडिटरी आहे ना, मला बघून लक्षात राहत नाही." हे वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा शिक्षक म्हणून नव्हे, तर डॉक्टर म्हणून विचार केला. एखादं औषध आपण पेशंटला देतो तेव्हा ते गुणकारी असल्याचा पुरावा मागतो. मग या औषधाचा पुरावा कुठं आहे?

पुरावा कसा असायला हवा, ते २००८ साली हॅल पॅश्लर आणि आणखी तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी फार स्पष्ट मांडलं. मुलांची आवड आधी तपासा. मग 'ऐकणाऱ्यां'पैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून, ऐकवून शिकवा आणि निम्म्यांना दाखवून. 'बघणाऱ्यां'चंही तसंच करा. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. ऐकणारे ऐकून पुढे गेले आणि बघणारे बघून पुढे गेले, तर ही कल्पना खरी. या चौघांनी तोवर झालेले अभ्यास चाळले. या कसोटीला उतरतील असे अभ्यास मुळात फारच थोडे निघाले आणि त्यांतले काही तर उलटंच सांगत होते. आवडीप्रमाणे शिकवल्यानं शिकणं वाढतं, असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात माझ्याच विषयाच्या, शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलं आपल्या तथाकथित पद्धतीनं अभ्यास करतच नव्हती. आणि जी करत होती, त्यांना त्यामुळे जास्त गुण मिळाले नव्हते.

आता कुणी म्हणेल, बाई, पण मला स्वतःला अनुभव आहे, मला चित्रानंच कळतं. तुमचा अनुभव खोटा नाही. आवड ही खरी गोष्ट आहे. कुणाला ज्वारीची कडक भाकरी आवडते, कुणाला चपाती. पण आवडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. गफलत होते ती इथंच. जे सोपं जातं, ओळखीचं वाटतं, ते आपल्याला आलं असं मनाला वाटतं. सात रस्त्यावरून आसरा चौकात रिक्षानं शंभर वेळा गेलेला माणूस, एक दिवस स्वतः गाडी घेऊन निघाला की पहिल्याच वळणावर थबकतो. रस्ता त्याच्या ओळखीचा होता, आठवणीतला नव्हता. मार्करनं पिवळ्या केलेल्या ओळी चौथ्यांदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याचं नेमकं असंच होतं. आणि तेच लेक्चर कानात घालून झोपणाऱ्याचंही.

मग खरोखर काय उपयोगी पडतं? मेंदू कसा शिकतो याबद्दल काही गोष्टी आता बऱ्याच खात्रीनं माहीत आहेत. त्यांतल्या तीन सांगते.

पहिली गोष्ट, पुस्तक मिटून आठवणं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या विद्यापीठात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे पुन्हा वाचायला सांगितले आणि काही वाचून झाल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं पुढे होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्के आठवलं, तर आठवून लिहिलेलं ५६ टक्के. हे डॉक्टरांनाही लागू पडतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवासी डॉक्टरांना दोन आजार शिकवले होते. ज्याच्यावर वारंवार चाचणी घेतली तो आजार सहा महिन्यांहून जास्त काळानं ३९ टक्के आठवत होता. ज्याची टिपणं नुसती वाचली तो २६ टक्के. आपल्या जुन्या पंतोजींनी पाढे म्हणवून घेताना पाटी उलटी ठेवायला लावली, ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट, अंतर. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास आठवड्यात वाटून घेतले तर जास्त टिकतं. विसरण्याचा मोजूनमापून अभ्यास जर्मनीतल्या एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून मांडला, तेव्हापासून हे माहीत आहे. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवायचं. त्रास होतो, पण त्या त्रासातच पाठ पक्का होतो.

तिसरी, मिसळून सराव. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, वाचायला शिकवताना आपण एका आजाराचे दहा आलेख दाखवतो, मग दुसऱ्याचे दहा. कॅनडातल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की वेगवेगळ्या आजारांचे आलेख मिसळून सराव केला तर नंतर निदान जास्त अचूक येतं. बरोबरच आहे. ओपीडीत पेशंट आजारांच्या धड्याप्रमाणे रांगेत उभे राहत नाहीत.

आणि या तिन्हींच्या आधी एक साधा प्रश्न. समोरचा विषय कशानं कळेल? भाकरी थापायला शिकवताना आईनं कधी विचारलं का, की बाई तू ऐकणारी की वाचणारी? परातीपुढं बसवलं आणि पिठाचा गोळा हातात दिला. कारण भाकरी हातानंच येते. डॉक्टरकीत तर चारही वाटा लागतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. हृदयाची कुरकुर कानानंच ऐकावी लागते, मग तुम्ही स्वतःला कितीही 'बघणारे' म्हणवा. एक्स-रे डोळ्यांनी पाहावा लागतो. औषधाची मात्रा वाचूनच पक्की करावी लागते. टाका हातानंच घालावा लागतो. हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत शिष्याला आधी भोपळा, काकडी, कलिंगड यांच्यावर छेद घेण्याचा सराव करायला सांगितलं आहे. ग्रंथ पाठ असलेल्या शिष्यालाही त्यातून सूट नाही.

आपल्या सोलापुरात तर याला आणखी एक पदर आहे. इथं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालापासून आहे. गावोगावची मुलं इथं येतात आणि वॉर्डात उभी राहिली की त्यांना कळतं, की पुस्तकातला पेशंट इंग्रजीत बोलतो, कॉटवरचा नाही. अक्कलकोटकडची आजी कन्नडमध्ये सांगते, 'नोवु'. पूर्व भागातली विणकर बाई तेलुगूत म्हणते, 'नोप्पी'. कुणी दखनीत सांगतं, कुणी आपल्या सोलापुरी मराठीत. दुखणं एकच, शब्द चार. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात सुरुवातीच्या पायाभूत काळात स्थानिक भाषा शिकवायला सांगितलं आहे आणि पहिल्या वर्षापासून पेशंटची गाठ घालून द्यायलाही. ही चांगली गोष्ट झाली. भाषा शिकताना कान, जीभ, वही आणि समोरचा माणूस, सगळं एकदमच लागतं. तिथं कुणी एका गटात बसून चालत नाही.

सोलापूरचेच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली इथं जन्मले, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनला गेले. तिथं ते चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि तिथल्या मुलांना वैद्यक शिकवलं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. समोर जखमी माणूस असताना, मला परकी भाषा कोणत्या पद्धतीनं सोपी जाईल, हा प्रश्न विचारायला त्यांना सवड कुठली? गरज होती, म्हणून शिकले.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याचं काय झालं, ते सांगते. पुरवणी परीक्षेला थोडेच दिवस होते. मी त्याला म्हटलं, "तुला मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं. ते विसरून जा." शिक्षकाच्या तोंडून हे ऐकायची त्याला सवय नव्हती, आणि मलाही म्हणायची नव्हती. मग रोज संध्याकाळी अर्धा तास. पिशवीत हात घालून, न बघता हाड ओळखायचं. स्वतःच्या अंगाला लावून बाजू सांगायची. पुस्तक मिटून आकृती काढायची, मग उघडून लाल पेननं चुका दुरुस्त करायच्या. दोन दिवसांनी पुन्हा तीच आकृती. पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आला. "मॅडम, ऐकताना कसं सगळं येतंय असं वाटायचं. आता काहीच येत नाही असं वाटतंय," म्हणाला. मी म्हटलं, "आता खरं कळतंय, एवढंच."

तो पास झाला. फार गुण मिळाले नाहीत, पण पास झाला. मात्र त्याचे सहा महिने गेले, बरोबरची मुलं पुढे गेली आणि घरी वडिलांना काय सांगायचं या विचारात त्यानं किती रात्री काढल्या, ते मला माहीत नाही. ते सहा महिने मी त्याला परत देऊ शकले नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाला काय आवडतं ते जरूर बघा. अभ्यासाची गोडी लागायला आवडीच्या वाटेनं सुरुवात करायला हरकत नाही. पण त्या वाटेची वेस करू नका. प्रश्नावलीवरून असो, नाहीतर बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखतो म्हणणाऱ्या आणि कसलाही शास्त्रीय आधार नसलेल्या महागड्या चाचणीवरून असो, कुणी तुमच्या मुलाला चार अक्षरांत बसवलं तर तो कागद कपाटात ठेवून द्या. रात्री जेवताना फक्त विचारा, "आज काय शिकलास? पुस्तक न बघता सांग बरं." तो अडखळेल. अडखळू द्या. थोडं थांबा, लगेच सांगू नका.

त्या पंगतीत आजोबांना मी शेवटी एवढंच म्हटलं, "नातवाला सांगा, गोष्टीचं एखादं पुस्तक वाचून ती तुम्हाला तोंडी सांगायची. तुमचा चष्मा सापडत नाही म्हणा." आजोबा हसले. म्हणाले, "चष्मा खरंच सापडत नाही हो." मग तर फारच बरं झालं.